म्हापशाला ताईची पाळी

खरं तर आम्ही गोव्याला फिरायला गेलोच नव्हतो. आईला ताईकडे म्हापशाला पोचवायचं होतं. चार महिने माझ्याकडे, चार ताईकडे, चार धाकट्याकडे, बाबा गेल्यापासून आमच्याकडे हे असंच चालतं. कोल्हापूरहून सकाळी निघालो, आंबोलीत धुकं आणि एक प्लेट भजी, मग बांदा, म्हापसा. झाला प्रवास.

तिथे ताईचे मिस्टर म्हणाले की पणजीत राजा परांजपेंचे जुने सिनेमे लागलेत, तीन दिवस, फुकट. आई लगेच साडी बदलून तयार! 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर', 'पाठलाग', सगळं होतं. 'पाठलाग'वरूनच पुढे हिंदीत 'मेरा साया' आला हे मी तिला ऐकवायला गेलो तर म्हणाली, "माहितीय रे, तुझा तेव्हा पत्ता तरी होता का?" पण आम्हाला जमणारा शो एकच, दुपारचा, आणि तेव्हा होता 'ऊन पाऊस', 1954चा. मला गोष्ट ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर काहीतरी कारण काढून टाळलं असतं, हे इथंच कबूल करतो.

कदंबच्या शटल बसने गेलो. मांडवीवरच्या पुलावरून आईला कॅसिनोच्या बोटी दिसल्या तर विचारते, "एवढ्या पाण्यात मंगल कार्यालय कशाला बांधलंय?"

हॉल छोटा, एसी असा की आईने डोक्यावरून पदर घेतला, आवाजाची खरखर, आणि पुढचे एक काका अख्खा सिनेमा मोबाईलवर शूट करत होते, कशासाठी ते देवाला ठाऊक. पण ही चिडचिड पहिल्या अर्ध्या तासापुरतीच टिकली.

कारण पडद्यावर मास्तर रिटायर होतात आणि पुढे मुलं आईबापाची वाटणी करतात, तो एकाकडे, ती दुसऱ्याकडे. मास्तर म्हणजे स्वतः राजाभाऊ परांजपे, हा सिनेमा केला तेव्हा फक्त 44चे होते, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि आवाज, खांदे, बसणं-उठणं सगळं थकलेल्या माणसाचं, दिग्दर्शनही त्यांचंच. मी मनात आमचे महिने मोजत होतो, आमची निदान एकच म्हातारी आहे, वाटायला दुसरं कोणी नाही, असलं घाणेरडं समाधानही करून घेतलं. आईकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात तिच्या पर्समध्ये प्लास्टिक खूप वेळ चुरचुरलं, मोबाईलवाले काका वळून बघायला लागले (हे म्हणजे कमालच!), आणि अंधारात तिने माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. "खा," म्हणाली. मी चघळली नाही, गालात तशीच धरून बसलो.

बाहेर पातळभाजी-पाव खाल्ला. मस्त होता. आई सुमती गुप्तेंच्या कामाबद्दल बोलत राहिली, साड्या कशा होत्या, केस कसे. माझं आपलं हो, हो.

दुसऱ्या दिवशी निघताना ताईने काजू बांधून दिले. आई गेटपर्यंत आली. म्हणाली, "माझा निळा स्वेटर तुझ्याकडेच राहिलाय."

"कुरिअर करतो उद्याच."

"नको. राहू दे तिथंच."