एव्हर्टनच्या मुली आणि त्यांच्यामागची माणसं

लिव्हरपूल शहर फुटबॉलच्या बाबतीत दोन रंगांत वाटलेलं आहे, लिव्हरपूल क्लबचा लाल आणि एव्हर्टन क्लबचा निळा. माझ्या वाट्याला निळा आला, कारण मी ज्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे तिथल्या माझ्या विभागातल्या बहुतेक जणी एव्हर्टनवाल्या. इकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला महिला संघाच्या सामन्याला ओढून नेलं आणि तेव्हापासून मी त्या संघाची झाले. प्रीमियर लीगच्या पुरुष संघांबद्दल आपल्याकडे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, रात्र रात्र जागून सामने बघणारे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. या मुलींबद्दल मात्र फोनवर कुणी कधी विचारत नाही. म्हणून त्यांच्या एका वाईट हंगामाबद्दल, आणि त्या काळात त्यांना न सोडणाऱ्या माणसांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हंगाम 2024-25 चा. इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगमध्ये तेव्हा 12 संघ होते. प्रत्येकाचे 22 सामने आणि शेवटी तळाला राहील तो संघ खालच्या विभागात. सप्टेंबरात सुरू झालेली लीग नोव्हेंबरच्या मध्यावर आली तरी एव्हर्टनच्या खात्यात एकही विजय नव्हता. खेळ वाईट होता असं नाही, खेळायला माणसंच नव्हती. एकापाठोपाठ एक खेळाडू दुखापतीने बाहेर गेल्या आणि बाकावर मोजक्याच जणी उरल्या. पुढे आघाडीला खेळणारी दमली तर बदलून पाठवायचं कुणाला, हा प्रश्न दर रविवारी डोळ्यांसमोर दिसायचा. मला तेव्हा सारखा जानेवारी 2022 मधला आपला नवी मुंबईचा आशिया चषक आठवायचा. कोरोनाने आपल्या संघात इतक्या जणी आजारी पडल्या की चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि घरच्या मैदानावरच्या त्या स्पर्धेतून भारताला बाहेर पडावं लागलं. मी तो सामना बघायचं ठरवून बसले होते. त्या संध्याकाळची चुटपुट अजून गेलेली नाही.

दुखापतींबद्दल माझ्या धंद्यामुळे थोडं जास्त बोलते, माफ करा. महिला फुटबॉलमध्ये सगळ्यात धास्ती असते ती एसीएलची. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जागच्या जागी धरून ठेवणारा हा अस्थिबंध. धावता धावता झटकन दिशा बदलताना, किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत वळला की तो तुटतो, आणि बहुतेक वेळा समोरच्या खेळाडूचा धक्कासुद्धा लागलेला नसतो. स्त्री खेळाडूंमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. आर्सेनलच्या बेथ मीड, व्हिव्हियान मीडेमा आणि लेआ विल्यमसन या तिघी 2022 च्या नोव्हेंबरपासून 2023 च्या एप्रिलपर्यंत अशाच एकामागून एक पडल्या आणि 2023 च्या विश्वचषकाला तिघीही मुकल्या. शस्त्रक्रियेनंतर परत मैदानावर यायला निदान नऊ महिने, कधी वर्ष. सुरुवातीचे आठवडे तर नुसती सूज उतरवण्यात आणि पाय पुरता सरळ करण्यात जातात. कारणं पुष्कळ सांगितली जातात: कमरेची रुंदी, हार्मोन्स, उतरताना मांडीचे स्नायू ज्या पद्धतीने वापरले जातात ते. मला स्वतःला वाटतं, शरीराला दोष देण्याआधी बाकीचं बघायला हवं. मुलांना लहानपणापासून व्यायामशाळेत ताकद कमावायला शिकवतात, मुलींना कितीतरी उशिरा. बूटही वर्षानुवर्षं पुरुषांच्या पायाच्या मापाने बनत आले. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या शाळकरी मुलींचे गुडघे बघितले की हे मला रोज पटतं.

तर असा तो हंगाम. एव्हर्टनच्या मुलींचे घरचे सामने तेव्हा वॉल्टन हॉल पार्कमध्ये व्हायचे. नावाप्रमाणेच ती एक सार्वजनिक बाग आहे, आणि बागेच्या एका अंगाला 2,200 माणसांचं छोटं मैदान. बाहेर लोक कुत्री फिरवताहेत, आत देशातली सर्वोच्च लीग चालू आहे. बसायला थोड्याच खुर्च्या, बाकी सगळे उभे. पाऊस आडवा येतो आणि वारा समुद्राकडचा. पण खेळाडू इतक्या जवळ असतात की त्या एकमेकींना काय ओरडून सांगताहेत ते शब्द न् शब्द ऐकू येतं. इथे पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना वेगळं कोंडूनही ठेवत नाहीत. पुरुषांच्या सामन्यांत ज्याची कल्पनाही करता येणार नाही, ते इथे सहज घडतं: दोन रंगांचे मफलर शेजारी शेजारी आणि मधे एकाच थर्मासमधला चहा.

माझी नेहमीची जागा एका सत्तरीच्या आजींशेजारी. नाव नाही लिहीत, त्यांना आवडायचं नाही. त्या या संघामागे आहेत ते त्याचं नाव एव्हर्टन नव्हतं तेव्हापासून. 1983 मध्ये मर्सी नदीपलीकडे विरल भागात हा संघ हॉयलेक नावाने सुरू झाला, पुढे लीसो पॅसिफिक झाला आणि त्या नावाने 1989 साली महिलांचा एफए कप, म्हणजे इंग्लंडभरच्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला, तोही मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर. एव्हर्टन हे नाव 1995 चं. आजी सांगतात, तेव्हा मुली कामावरून थेट सरावाला यायच्या, कपडे घरी नेऊन धुवायच्या आणि दूरच्या सामन्याला ज्याच्या गाडीत जागा असेल त्याच्या गाडीतून जायच्या. मग 1998 मध्ये लीगचं विजेतेपद, 2010 मध्ये आर्सेनलला 3-2 ने हरवून पुन्हा एफए कप, आणि 2014 मध्ये घसरून खालच्या विभागात. हे सगळं त्यांनी उभ्याने बघितलंय. त्या वाईट शरद ऋतूत एकदा मी वैतागून म्हटलं, आज तरी जिंकायला हव्यात. आजी म्हणाल्या, "अगं पोरी, त्यांना आज अकरा जणी धड उभ्या करता आल्या, एवढं बघ आधी. टाळ्या वाजव, हात गरम राहतील."

पाठीराखे जमवायचं काम त्या महिन्यांत खरोखर हाताने झालं. कुणी भाषण केलं नाही. कुणी जुन्या चादरींवर निळ्या रंगाने खेळाडूंची नावं लिहिली, आणि मला विशेष आवडलं ते हे की जखमी होऊन घरी बसलेल्यांची नावं आधी लिहिली. एकाने ढोल आणला. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी वृद्धांना आणायचं पत्करलं. आमच्या विभागात आम्ही ठरवलं की ज्या रविवारी ड्यूटी नसेल त्या रविवारी प्रत्येकीने एक नवं माणूस न्यायचं. मी माझ्या भाड्याच्या घराशेजारच्या मुलीला नेलं, ती तिच्या शाळेच्या संघात बचावाला खेळते. सामना आपण हरलो. पण संपल्यावर खेळाडू कुंपणापाशी आल्या, चेहरे पडलेले, अंगावर चिखल, आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीशी बोलून होईपर्यंत थांबल्या. शेजारची पोरगी पुढच्या सामन्याला तिच्या अख्ख्या संघाला घेऊन आली. हरलेल्या सामन्यानंतर माणसं वाढतात हे मी तिथे बघितलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या तालमीचा फुटबॉल संघ हरत असला म्हणून पेठेतलं कुणी दुसऱ्या पेठेचा झेंडा धरत नाही. मी त्या वातावरणात वाढले, शाहू स्टेडियमचा गलका कानांत घेऊन. फरक एवढाच की तिथल्या गर्दीत मुली कमी असायच्या आणि मैदानावर तर नाहीतच.

बाहेरून वाटतं की गर्दी आली काय, न आली काय, मोठ्या क्लबचा संघ आहे, चालेल. तसं नाही. इंग्लंडमध्ये वरच्या दोन विभागांत खेळायचं तर क्लबला परवाना लागतो आणि परवान्याच्या अटी दर वर्षी वाढत्या: पूर्णवेळ कर्मचारी, वैद्यकीय पथक, सरावाची मैदानं. हा खर्च पुरुष संघाच्या पैशातून येतो आणि तिथे चणचण लागली की कात्री पहिल्यांदा मुलींवर चालते. रेडिंगचा महिला संघ 2023 पर्यंत सर्वोच्च लीगमध्ये होता. 2024 मध्ये क्लबने त्याला थेट पाचव्या पातळीवर नेऊन ठेवलं. त्याहून जवळचं उदाहरण ब्लॅकबर्न रोव्हर्सचं. त्याचे मालक आपल्या पुण्याचे व्यंकीज, 2010 पासून. 2025 च्या मे महिन्यात, परवान्याच्या अटींचा खर्च करायचा नाही म्हणून ब्लॅकबर्नचा महिला संघ दुसऱ्या विभागातून बाहेर पडला. इंग्लंडच्या युरो चषक विजेत्या संघातल्या जॉर्जिया स्टॅनवे, एला टून, कीरा वॉल्श या तिघी कधी काळी ब्लॅकबर्नच्या मैदानावर घडल्या. मला त्या बातमीने फार वाईट वाटलं. मालक आपल्याकडचे म्हणून जरा जास्तच. तिकीट काढून आत आलेली माणसं हा संघाच्या बाजूने असलेला एक पुरावा असतो, आणि हिशेबाच्या बैठकीत पुरावा लागतो.

आता 17 नोव्हेंबर 2024. लिव्हरपूलविरुद्धची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत, आणि ती बागेतल्या मैदानावर नाही, गुडिसन पार्कवर. गुडिसन म्हणजे 1892 पासूनचं एव्हर्टनचं घर, एका कोपऱ्यात चर्च आणि चहूबाजूंनी विटांच्या चाळींसारख्या घरांच्या रांगा. ज्यांनी आधीचे रविवार चिंब होऊन काढले होते ते सगळे त्या दिवशी एकत्र दिसले, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी जमवलेले नवे चेहरे. आमच्या काट्या स्नुईसने पेनल्टीवर गोल केला आणि एव्हर्टन 1-0 ने जिंकली. हंगामातला पहिला विजय, तोही डर्बीत. आजी रडत होत्या आणि मीही. पुढे संघ सावरला आणि हंगामाच्या शेवटी आठव्या क्रमांकावर राहिला.

त्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलसाठी गर्दी होणं ही नवलाई नव्हतीच, हे मला इथे आल्यावर कळलं. 26 डिसेंबर 1920 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, याच गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्सच्या संघाचा सामना झाला. आत 53,000 माणसं होती आणि हजारोंना दारातून परत जावं लागलं. डिक, कर हा प्रेस्टनमधला कारखाना. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनवणाऱ्या कामगार मुलींनी संघ काढला आणि जखमी व बेकार सैनिकांसाठी सामने खेळून पैसा उभा करायला सुरुवात केली. मूळची सेंट हेलेन्स गावची लिली पार ही डिक, कर संघाची मोठी खेळाडू, पुढे पेशाने परिचारिका. गुडिसनच्या सामन्याला वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये. आपल्या सदस्य क्लबांची सगळी मैदानं तिने मुलींना बंद केली. बंदी उठली 1971 मध्ये. असोसिएशनने माफी मागितली ती 2008 मध्ये.

मला हा इतिहास संतापजनक वाटतो. कारण महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही, म्हणून दर्जा नाही, असं जे आजही ऐकवलं जातं त्यातला पहिला दुवाच खोटा आहे. प्रेक्षक होते. त्यांना बाहेर काढलं गेलं. पन्नास वर्षं आईने मुलीला आणि बापाने लेकीला सामन्याला न्यायची सवयच मोडली गेली. ती सवय आता एकेक माणूस धरून परत लावावी लागते आहे.

2025 मध्ये एव्हर्टनचे पुरुष नदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेले. गुडिसन पाडायचं ठरलं होतं, त्याऐवजी ते महिला संघाला कायमचं घर म्हणून मिळालं. 39,000 च्या वर क्षमतेचं मैदान मुलींचं! नव्या घरातला लीगचा पहिला सामना आम्ही टॉटनहॅमकडून हरलो, पण तो दिवस मी विसरणार नाही. अडचणी आहेतच. बागेतलं मैदान दोन हजार माणसांत गजबजायचं, इथे तेवढीच माणसं विखुरलेली वाटतात, म्हणून आम्ही सगळे मुद्दाम एकत्र दाटीने बसतो. शिवाय टीव्हीसाठी बरेच सामने आता रविवारी दुपारी बाराला असतात, आणि शाळकरी मुलींचे स्वतःचे सामने नेमके रविवारी सकाळी. ज्या मुलींसाठी हे सगळं चाललंय त्यांनाच पोहोचता येत नाही. ही वेळ बदलायलाच हवी.

तुमच्यापैकी कुणी नोकरीनिमित्त, शिकायला किंवा मुलांकडे इंग्लंडला येणार असेल आणि लिव्हरपूल यादीत असेल, तर एक रविवार माझ्यासाठी मोकळा ठेवा. लिव्हरपूल सेंट्रलवरून मर्सीरेलच्या नॉर्दर्न लाइनने कर्कडेल स्टेशनला उतरायचं, तिथून गुडिसन चालत आहे. निळे कपडे पिशवीत नसले तरी हरकत नाही, आमच्या रांगेत जादाचा मफलर कुणाकडे ना कुणाकडे असतो. थंडीचे कपडे मात्र भरपूर घाला आणि मला आधी कळवा, म्हणजे आजींच्या शेजारची जागा धरून ठेवते.