दाबून धरलं की बोर्ड उडतो

फॉइल बोर्ड, म्हणजे खाली पंख लावलेली उभं राहायची फळी, पाण्याच्या वर अधांतरी जाताना बघितला की वाटतं, चालवणारा त्याला उचलतोय. शिकायला लागल्यावर कळतं की वर जायचं काम बोर्ड आपसूक करतो. आपण त्याला दाबून धरायचं असतं.

माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, बॅटरीवर चालणारा फॉइल बोर्ड मागवला. पण चालवायचा कुठं? कोल्हापुरात रंकाळ्यावर कायम वर्दळ, त्यात केंदाळ पंख्यात अडकायची धास्ती. कळंबा पिण्याच्या पाण्याचा, तिथं असलं काही करूच नये. शेवटी करवीर तालुक्यातल्या एका पाझर तलावासाठी लेखी परवानगी काढली. हेलपाटे झाले, पण मिळाली.

पाण्यात उतरायच्या आधी दादानं जे काम लावलं, तेच माझ्या मते या शिकण्यातलं सगळ्यात मोलाचं. बोर्डाखाली पाऊण मीटरभर लांब मास्ट, म्हणजे उभा दांडा असतो, त्याच्या टोकाला पुढं मोठा पंख आणि मागं छोटा. एवढं सगळं पाण्याखालून वेगानं जाणार आणि आपल्या तलावांत बुडालेले बांध, बाभळीचे खुंट असणारच. म्हणून गुऱ्हाळवाल्या काकांची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, मागून आणली. पुरात आमच्याकडं हीच काहील होडी म्हणून वापरतात. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं वेळूच्या काठीनं तळ चाचपत जायचं. जिथं काठी खटकन लागली, तिथं दगडाला दोरी बांधून रिकामा कॅन सोडला. अशा खुणा करत मधला खोल पट्टा मोकळा सापडला, तेव्हा कुठं बोर्ड पाण्यात गेला.

आधी पोटावर झोपून तोलाचा अंदाज घेतला, मग गुडघ्यांवर, मग उभं. हेल्मेट आणि जॅकेट पहिल्यापासून अंगावर. पडायचं कसं हेही शिकावं लागतं: वेग देणाऱ्या, हातातल्या रिमोटचा ट्रिगर सोडायचा आणि बोर्डापासून लांब, बाजूला झोकून द्यायचं. पंखांच्या कडा लागतात, त्यांच्यावर पडायचं नाही.

उभं राहिल्यावर खरी कसोटी. वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते. त्यामुळं ट्रिगर थोडा जास्त दाबला तरी बोर्ड एकदम नाक वर करतो. पंख पाण्याबाहेर डोकावला की त्याच्यावर हवा ओढली जाते, उचल तुटते आणि बोर्ड धपकन खाली येतो. इलाज एकच, पुढच्या पायावर भार. कुस्तीच्या पवित्र्यासारखे गुडघे वाकवून, वजन पुढं ठेवून उभं राहायचं. शरीर मात्र भीतीनं मागं रेलतं, ते मोडायला वेळ लागतो. दादा काठावरून ओरडत होता, "खाली बघू नगंस! पल्याडच्या बांधाकडं बघ!" नजर बांधावर गेली, खांदे सरळ झाले आणि बोर्डाखाली आपटणाऱ्या पाण्याचा फडफडाट एकदम थांबला. हातभर उंचावरून मी चाललो होतो. त्या वेळचा आनंद मला नीट सांगताच येत नाही.

इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 साली माज्योरे तलावावर पंख लावलेली बोट पाण्यावर उचलून दाखवली होती. म्हणजे ही विद्या तलावावर रुजलेली जुनीच आहे, समुद्र लागतोच असं नाही. उलट सकाळी वारा पडलेला असताना तलावाचं सपाट पाणी नवशिक्याला फार सोयीचं.

सध्या वळणांवर काम चालू आहे. पायाची बोटं किंवा टाच दाबून बोर्ड हळूच कलवायचा आणि त्याच वेळी उंची राखायची. पावसाळ्यात सगळं बंद. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि ओढे ओंडके आणून टाकतात. दिवाळीनंतर पाणी निवळलं की आधी परत काहील काढायची आणि पट्टा नव्यानं चाचपायचा.