काकू, प्रयोग कोणता?

मराठीच्या निवृत्त बाई इमारतीत राहत असल्या की त्यांचं दार आणि व्हॉट्सॲप दोन्ही सार्वजनिक होतं. "काकू, प्रयोग कोणता?" असा मेसेज, खाली वहीच्या पानाचा तिरका फोटो, कोपऱ्यात अंगठा. वेळ रात्रीची, आणि दाखवायचं असतं उद्याच.

समास, अलंकार यांचं काही नाही, दोन मिनिटांत सुटतात. 'यमाताराजभानसलगं' पाठ असलं की गणही पडतात. मला धसका आहे तो रसग्रहणाचा. दहावीच्या मुलांनी कविता तीन डब्यांत भरून न्यायची असते: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य. "भाषिकमध्ये काय लिहू?" "कविता वाचलीस का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "गाइडमध्ये आहे, पण बाईंना स्वतःच्या शब्दांत हवंय." म्हणजे स्वतःचे शब्द मागायला हे माझ्याकडे येणार! मी म्हणते, मोठ्याने वाच, जी ओळ पुन्हा वाचावीशी वाटली तिच्याबद्दल लिही. "ते नको काकू, मुद्दे सांगा ना."

तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी मात्र मुद्दे मागत नाही. परवा कर्मणी प्रयोग घेऊन आली. नियम तिला तोंडपाठ: भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली. "मग मी 'ताक प्यायले' कशी? दादा तर 'प्यायलो' म्हणतो. ताक तेच आहे ना?"

आता आली का पंचाईत! दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचा जाडजूड ग्रंथ १९११चा. एवढ्या पिढ्या व्याकरण घोकतायत, पण वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अशी क्रियापदं थोडीच आहेत, मी सांगितलं. मी धडा शिकले, मी डबा विसरले. इथे क्रियापद कर्त्याचं ऐकतं, कर्माला विचारत नाही.

"पण खाणं-पिणं तर शेजारी शेजारी!" म्हणत ती तोंडाने करायची सगळी कामं तपासायला बसली. चटणी चाटली, गोळी गिळली, सुपारी चावली. सगळी कर्माच्या बाजूची. मग एकदम ओरडली, "जेवणे! मी पुरणपोळी जेवले!" खरंच की. पुरणपोळी खाल्ली, पण पुरणपोळी जेवले. इतकी वर्षं दोन्ही म्हणत आले, शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. का, याचं उत्तर मी दिलं नाही. चांगला प्रश्न हाती आलेल्या पोरीला घाईने उत्तर देऊ नये, असं माझं मत आहे. तिच्या आईचं मत वेगळं होतं, कारण गृहपाठाची वाक्यं कोरीच होती.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. फोटो नाही, अंगठा नाही. "बाई म्हणाल्या अपवाद परीक्षेला येत नाहीत. पण काकू, मी रस्ता चुकले!"