डुगडुगणारा कमोड आणि मेणाची एक रिंग

आमच्या घरातला जुना कमोड काही महिन्यांपासून बसताना किंचित डुगडुगत असे आणि सकाळी दार उघडले की नाल्यासारखा वास येई. फिनाईलने रोज धुऊनही तो जाईना, तेव्हा तो स्वच्छतेच्या अभावाचा नसून एखाद्या सांध्याचा असावा, असे माझ्या लक्षात आले. कमोडच्या पोटातल्या वळणात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते आणि सांडपाण्याच्या पाईपमधला वायू तेच अडवते. घड्याळे बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले आणि आजही बहुतेक कमोड त्याच तत्त्वावर चालतात. आमच्या कमोडमध्ये हे पाणी जागेवर होते. म्हणजे वायू त्या वळणातून न येता कमोडचा तळ आणि जमिनीतला पाईप यांच्यामधून येत होता.

नवा कमोड स्वतः बसवायचा, असे धाकट्या भावाने आणि मी ठरवले. या कामात अंगमेहनत थोडी आणि मोजमाप फार, हे मी आधीच सांगून ठेवतो. सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या पाईपच्या मध्यापर्यंतचे अंतर. पुष्कळ कमोड ३०५ मिलिमीटरसाठी, म्हणजे १२ इंचांसाठी बनवलेले असतात, परंतु त्याहून कमी-जास्त अंतराचेही मिळतात. हे अंतर टाईल्स बसवून पूर्ण झालेल्या भिंतीपासून मोजायचे असते. आम्ही मागच्या भिंतीला नव्या टाईल्स लावणार होतो आणि मी मात्र जुन्या भिंतीपासून माप घेतले होते. टाईल आणि खालचा मसाला मिळून सुमारे १५ मिलिमीटर जागा जाणार होती. ती धरली नसती तर टाकी भिंतीला टेकली असती आणि कमोड पाईपवर बसलाच नसता. ही चूक खरेदीपूर्वी लक्षात आली, याचे श्रेय भावाला आहे.

जुना कमोड काढताना अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ, बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली आणि वळणात उरलेले पाणी हातमोजे घालून स्पंजने टिपून घेतले. तो पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवलेला होता. सिमेंटला लवचिकपणा नसतो. थोड्याशा हालचालीनेही त्याला बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी आणि वायू दोन्ही वाट काढतात आणि दुरुस्तीसाठी कमोड उचलायचा म्हटले तर तो फोडावाच लागतो. आमचाही छिन्नीने फोडूनच निघाला. पाईपचे तोंड उघडे पडताच त्यात जाड फडक्याचा बोळा कोंबला, कारण वायू तर अडवायचा होताच, शिवाय सिमेंटचा एखादा तुकडा आत पडला असता तर तो काढणे फार अवघड गेले असते. बोळ्याला दोरी बांधून तिचे टोक बाहेर ठेवले, म्हणजे तो आत सरकत नाही आणि काढायचा विसरतही नाही.

पाईपच्या तोंडावर फ्लँज, म्हणजे कमोड धरून ठेवणारे दोन बोल्ट ज्यात उभे राहतात ती चपटी कडी, बसवला आणि तो स्क्रूने जमिनीला पक्का केला. फ्लँज टाईल्सच्या पृष्ठभागावर टेकलेला असावा. तो खाली राहिला तर फ्लँज आणि कमोड यांच्यामधला सांधा बंद करणारी मेणाची रिंग कमोडच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यानंतर रिंग न लावता कमोड एकदा नुसताच ठेवून पाहिला. ही पायरी अनेक जण वगळतात, पण माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची आहे. जमीन थोडी उतरती असल्यामुळे कमोड डावीकडे हलत होता. प्लास्टिकच्या दोन पातळ पाचरी सरकवून तो स्थिर केला, लेव्हल पाहिली आणि त्याची कड जमिनीवर पेन्सिलने आखून घेतली.

मग बोळा काढला, फ्लँजवर मेणाची रिंग ठेवली आणि दोघांनी मिळून कमोड सरळ खाली आणला. त्याच क्षणी एक बोल्ट कलंडला, कमोड तिरका टेकला आणि रिंग एका बाजूने चेपली गेली. ती हाताने सारखी करून चालवून घेण्याचा मोह झाला, परंतु एकदा दबलेले मेण पुन्हा फुगत नाही आणि सांधा आतून अपुरा राहिला तर तो बाहेरून दिसतही नाही. ती रिंग खरवडून टाकून दुसरी लावली. या वेळी दोन्ही बोल्ट आधी एकेक जादा नट लावून उभे बांधून ठेवले, त्यामुळे ते हलले नाहीत. कमोड टेकल्यावर तो न फिरवता वर बसून अंगाच्या भाराने दाबला आणि पुन्हा मुळीच उचलला नाही.

नट आवळताना एक पाव फेरा डाव्या नटाला, एक पाव फेरा उजव्या नटाला, असे आलटून पालटून गेलो. चिनी माती वाकत नाही, ती सरळ तडकते, म्हणून कमोड हलायचा थांबला की पानाही थांबवला.

टाकीच्या जोडणीत विशेष काही नव्हते. अँगल कॉकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावली. कनेक्शन पाईपच्या टोकात रबरी वायसर असतो, तेथे टेपची गरज नसते. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून सुमारे २५ मिलिमीटर खाली ठेवली. टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबलो. भांड्यात रंग उतरला नाही, म्हणजे टाकीची झडप गळत नव्हती. नंतर दहा वेळा फ्लश करून तळाभोवती कोरडा कागद फिरवला.

तळाच्या कडेने सिलिकॉन मात्र दोन दिवसांच्या वापरानंतर लावले आणि मागच्या बाजूला चार बोटे जागा मुद्दाम मोकळी सोडली. चोहोबाजूंनी बंद केल्यास आतली गळती महिनोन्‌महिने कळत नाही आणि पाणी टाईल्सखाली मुरत राहते. पंधरा दिवसांनी नट पुन्हा तपासले, तेव्हा उजवा पाव फेरा आणखी बसला आणि मागची मोकळी जागा कोरडी होती. मग बोल्टची वर आलेली टोके करवतीने कापून त्यांवर टोप्या बसवल्या.