बाजू मोकळी असताना मधूनच का? 13-10 च्या पराभवाविषयी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की कोलंबसमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात जिथे जिथे फलकावर इंग्रजी ‘एम’ हे अक्षर असते, तिथे तिथे त्यावर लाल चिकटपट्टीची फुली मारलेली दिसते. मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा तो आठवडा असतो. इथे शिकायला आलो तेव्हा हा प्रकार मला पोरकट वाटला होता. आता त्या फुल्या दिसायला लागल्या की माझ्याही पोटात गोळा येतो. 30 नोव्हेंबर 2024 चा सामना मी त्यानंतर तीन वेळा पुन्हा पाहिला आहे, आणि त्या पराभवाची जी कारणे आम्ही चाहते एकमेकांना सांगत राहिलो, त्यांतली बरीचशी मला आता पटत नाहीत.

आमचा संघ त्या दिवशी देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. मिशिगनने हंगामात सहा सामने जिंकले होते आणि पाच गमावले होते, आणि आम्ही वीस गुणांच्या आसपास फरकाने जिंकू असा सगळीकडे अंदाज होता. सामना आमच्याच मैदानावर, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, कडाक्याच्या थंडीत झाला. मध्यंतराला 10-10 अशी बरोबरी होती. उत्तरार्धात आम्हाला एकही गुण मिळाला नाही आणि शेवटची 45 सेकंद उरली असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने 21 यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून पार करून मिळणारे तीन गुण) मारून सामना 13-10 असा फिरवला. या प्रतिस्पर्ध्याकडून आमचा हा सलग चौथा पराभव होता.

पहिला राग निघाला तो किकवर. आमच्या जेडन फील्डिंगचे 38 आणि 34 यार्डांवरचे फील्ड गोलचे दोन प्रयत्न चुकले. ते सहा गुण मिळाले असते तर 16-13 असा निकाल लागला असता, हा हिशेब त्या संध्याकाळी प्रत्येकाने मांडला. हिशेब चुकीचा नाही. परंतु ज्या संघाला वर्षभर तीस-चाळीस गुण सहज मिळत होते, त्या संघाची मदार एका मुलाच्या दोन किकवर येऊन का ठेपली, याचे उत्तर त्या हिशेबात नाही, आणि सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

त्या आठवड्यात बाबा सांगलीहून आलेले होते. त्यांना अमेरिकन फुटबॉलचे नियम नीट माहीत नव्हते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, एवढेच मी त्यांना समजावून सांगितले होते. तरुणपणी ते कबड्डी खेळत. तिसरा क्वार्टर चालू असताना, बराच वेळ गप्प बसून पाहिल्यावर, त्यांनी विचारले, “अरे, हे मधूनच का घुसतायत? ते दोघे दणकट गडी मध्येच उभे आहेत ना? बाजू तर मोकळी आहे.” कबड्डीत समोरचा कोपरारक्षक भारी असेल तर चढाईपटू दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो, असे ते पुढे म्हणाले. मी तेव्हा त्यांना काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. सामना पुन्हा पाहताना मात्र मी वही घेऊन बसलो, पहिल्या डाऊनला, म्हणजे चारांतल्या पहिल्या प्रयत्नाला, चेंडू कुठे जातो हे दर वेळी लिहीत गेलो, आणि बाबांचा प्रश्न किती नेमका होता ते पानागणिक स्पष्ट होत गेले.

ते ‘दोघे दणकट गडी’ म्हणजे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. मिशिगनच्या बचावफळीच्या मध्यभागी उभे राहणारे हे दोघे पुढे 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत निवडले गेले. मिशिगनचा सगळ्यात भक्कम भाग तोच होता. आणि आमचा सगळ्यात कमकुवत झालेला भाग नेमका त्याच्या समोर होता. आक्रमणाच्या पुढच्या फळीतला (ऑफेन्सिव्ह लाईनमधला) डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगनविरुद्ध जायबंदी झाला होता, त्याच फळीच्या मधोमध खेळणारा सेंटर सेथ मॅक्लॉग्लिन नोव्हेंबरमध्ये सरावात. त्यामुळे त्या दोघांच्या मधल्या जागेवरचा गार्ड डॉनोवन जॅक्सन याला टॅकलच्या जागी न्यावे लागले आणि मध्यभागी कार्सन हिन्झमनला उभे करावे लागले. दुसरीकडे मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचे पास अडवणारा बचावपटू, विल जॉन्सन दुखापतीमुळे त्या दिवशी खेळतच नव्हता, आणि आमच्याकडे जेरेमाया स्मिथ आणि एमेका इग्बुका हे दोघे पास झेलणारे रिसीव्हर होते. मैदानाची रुंदी 53 यार्डांहून थोडी अधिक असते. त्यातली मधली सात-आठ यार्डांची पट्टी सोडली तर बाकी सगळी जागा आमच्या बाजूची होती.

तरीही चेंडू घेऊन धावण्याच्या 26 चालींत आम्हाला 77 यार्ड मिळाले, म्हणजे एका चालीमागे तीन यार्डसुद्धा नाहीत. पहिल्या डाऊनला मधून धाव घेऊन एक-दोन यार्ड मिळवायचे, आणि मग तिसऱ्या डाऊनला लांबचे अंतर उरले की आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) विल हॉवर्ड याने पास करायचा, हा क्रम वारंवार आला. हॉवर्डने 33 पैकी 19 पास पूर्ण केले, 175 यार्ड मिळवले आणि दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे दोन पास समोरच्यांच्या हाती गेले; हे आकडे वाईट आहेत, आणि पास तरी कुठे चालत होता असे कोणी म्हटले तर ते म्हणणे मी झटकून टाकणार नाही. पण पास येणारच आहे हे समोरच्या अकरा जणांना ठाऊक असताना केलेला पास आणि धाव अपेक्षित असताना केलेला पास यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मुख्य प्रशिक्षक रायन डे आणि तेव्हा आक्रमणाची जबाबदारी असलेले चिप केली यांना एवढे कळत नव्हते असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. मला वाटते, मूळ 2021 मध्ये आहे. त्या वर्षी त्यांच्या गावी, ॲन आर्बरमध्ये, मिशिगनने आम्हाला 42-27 असे हरवले, ते 297 यार्ड धावून, आणि एकट्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू गोलरेषेपार नेला. तुमचा संघ देखणा आहे पण नाजूक आहे, हा टोमणा तेव्हापासून आमच्या मागे लागला. तो प्रशिक्षकांच्याही जिव्हारी लागला, आणि आम्हा चाहत्यांनीच तो सर्वांत जास्त वेळा उच्चारला, हेही मला कबूल केले पाहिजे. आम्ही मिशिगनला त्यांच्याच पद्धतीने, अंगबळाने हरवावे, असे मलाही वाटत होते. 2024 च्या त्या दुपारी आमचा संघ सामना जिंकण्यासाठी कमी आणि त्या टोमण्याला उत्तर देण्यासाठी अधिक खेळला, अशी माझी ठाम समजूत झाली आहे.

यात सगळ्यात मोठा अन्याय झाला तो बचावफळीवर. मिशिगनला पासवर फक्त 62 यार्ड मिळाले. त्यांचे एकमेव टचडाऊनही आम्ही दिलेल्या इंटरसेप्शननंतर आले. मिशिगनच्या आमिर हॉलने तो चेंडू पळवत आमच्या गोलरेषेपासून दोन यार्डांवर आणून ठेवला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशिगन पुन्हा गोलरेषेच्या तोंडाशी आला, तेव्हा आमच्या जॅक सॉयरने त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन याचा पास अडवून चेंडू हिसकावला. आमच्या खोलीत आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो. बाबाही उठले होते. हातातोंडाशी आलेला घास प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून काढून घेतल्यावर तरी आक्रमण मोकळे होईल असे वाटले होते. पण गुण न मिळवताच चेंडू परत द्यावा लागला, आणि मग मिशिगनने वेळ खात, मैदान पाऊल-पाऊल ओलांडत तो शेवटचा फील्ड गोल केला. त्या वाटचालीत तिसऱ्या डाऊनला केलेल मलिंग्जने 27 यार्डांची धाव घेतली. ती धाव मी अजूनही सलग पाहू शकत नाही.

सामन्यानंतर मैदानावर झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरीचा फवारा मारावा लागला. त्याविषयी मला अधिक लिहायचे नाही.

राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या नव्या प्लेऑफमुळे आमचा हंगाम संपला नाही, आणि 21 डिसेंबरला टेनेसी कोलंबसमध्ये खेळायला आला. पहिल्याच ताब्यात हॉवर्डने जेरेमाया स्मिथकडे 37 यार्डांचा टचडाऊन पास केला. सामना 42-17 असा जिंकला. पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये, ऑरेगनविरुद्ध आम्ही 34-0 अशी आघाडी घेतली, तीही अशीच, मैदानाच्या कडा वापरून. आक्रमणाची पुढची फळी बव्हंशी तीच होती, जखमी खेळाडू परतलेले नव्हते. बदलला होता तो चेंडू कुठे न्यायचा याचा विचार. 20 जानेवारी 2025 रोजी नोत्र दामला 34-23 असे हरवून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो, आणि त्या रात्री मला मनापासून आनंद झाला.

पण इथे एक जुनी प्रथा आहे. मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 1934 पासून सोन्याची एक इवलीशी विजार, तळहातावर मावेल एवढी, भेट दिली जाते. सॉयर कोलंबसजवळच्या पिकरिंग्टनचाच मुलगा. तो, इग्बुका, टुइमोलोआऊ आणि हेंडरसन हे सगळे 2021 मध्ये संघात आले, चार वर्षे राहिले आणि विजेतेपद मिळवून बाहेर पडले. त्यांच्यापैकी एकाकडेही ती विजार नाही. सॉयरने तो चेंडू गोलरेषेवर पकडला तेव्हा ती त्याच्या हातात जवळजवळ आलीच होती.