पराभवानंतर लागलेली झोप

काल रात्री आमचा फुटबॉल क्लब भरपाई वेळेत, म्हणजे नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या मिनिटांत, हरला. गोलच्या दूरच्या खांबापाशी समोरच्या संघाचा बचावपटू मोकळा सुटला होता. त्याने सरावात लावावे तसे सावकाश डोके लावले आणि चेंडू आमच्या गोलरक्षकाच्या पायांमधून आत गेला. एरवी असा गोल मला रात्रभर छळतो. काल मात्र मी टीव्ही बंद केला, पाणी प्यायलो आणि पडल्या पडल्या झोपी गेलो. आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, ते हरल्यामुळे नव्हे, तर हरूनही झोप लागली म्हणून.

वय झाले म्हणावे, तर ऑफिसातले एखादे वाकडे वाक्य मला अजूनही पहाटे उठवून बसवते, तेव्हा कातडी जाड झाली आहे असे मुळीच नाही. मग क्लबच्याच बाबतीत असे का व्हावे? कर्णधार गेला, हे कारण असू शकेल. मे महिन्यात छातीवरच्या बोधचिन्हाचे चुंबन घेणारा तो माणूस ऑगस्टमध्ये दुसऱ्याच रंगाची जर्सी हातात धरून तेच हसू हसत उभा होता. पण खेळाडू जायचेच. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात दिलेल्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूची वाट मोकळी केली, आणि त्यात त्या बिचाऱ्यांचे काही चुकले असे मला कधी वाटले नाही. पोर्तुगीज खेळाडू लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदमध्ये गेला आणि २००२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर परतला, तेव्हा तो कॉर्नर घ्यायला गेला त्या बाजूला प्रेक्षकांतून डुकराचे मुंडके येऊन पडले. ते फेकणाऱ्याची मला शिसारी येते. त्या रात्री त्याला झोप लागली नसणार, याचा मात्र आज हेवा वाटला.

सकाळी क्लबकडून ईमेल आला. त्यात पराभवाचा उल्लेख नव्हता. तिसऱ्या जर्सीवर सवलत जाहीर केली होती, खाली हसणाऱ्या खेळाडूंचे छायाचित्र होते (त्यातल्या दोघांना काल मैदानात चेंडू सापडला नव्हता), आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की माझे साठलेले निष्ठा-गुण (क्लब चाहत्यांच्या खाती जमा करतो ते लॉयल्टी पॉइंट) हंगामाच्या अखेरीस बाद होतील. इतकी वर्षे ज्याला मी माझा स्वभाव समजत होतो, त्याला मुदत आहे हे मला आज कळले. हे वाचून मला राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचा कळवळा. मालक बदलले, त्यांच्या पैशाविषयी मी गप्प राहिलो, सामन्यांच्या वेळा प्रक्षेपणाच्या सोयीने हलत गेल्या, त्याही सोसल्या, आणि या सगळ्याच्या बदल्यात मला काय मिळाले, तर वीस टक्के सवलत.

पण हे लिहिताना लक्षात येते की काल मला दुःख झाले नाही, असे नाही; मी ते होऊ दिले नाही. मी रुसलो आहे. या क्लबसाठी आता जिवाला लावून घ्यायचे नाही, असे मी कधीतरी मनाशी ठरवले असावे, आणि रुसव्याची पंचाईत अशी की समजूत काढणारे कोणी समोर नसेल तर तो कोणाला दिसतच नाही. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या चाहत्यांनाही २०१६ च्या फेब्रुवारीत असेच वाटले असेल, परंतु ते घरी बसून झोपले नाहीत. तिकिटाची कमाल किंमत ७७ पौंड होणार म्हणून हजारो लोक ७७ व्या मिनिटाला आपापल्या जागा सोडून बाहेर पडले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता. ते गेल्यावर समोरच्या संडरलँडने दोन गोल करून बरोबरी साधली आणि काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेऊन माफी मागितली. आपला संघ जिंकत असताना उठून जायला केवढा जीव लागतो! मी तर शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवरून हललो नव्हतो, आणि तरीही मीच दूर गेलो होतो.

लंडनमधल्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचे चाहते त्याहून पुढचे. क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायची परवानगी मे २००२ मध्ये मिळाली आणि त्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन हा आपला स्वतःचा क्लब उभा केला, उघड्या मैदानावर निवड चाचणी घेऊन खेळाडू जमवले आणि नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या व्यावसायिक पायऱ्यांवर, पोहोचले. मूळ मैदान जिथे होते त्या प्लाउ लेनला परतायला २०२० उजाडले. आमच्यावर तशी वेळ आली तर मी काय करीन, याचा आज मी प्रामाणिकपणे विचार केला. मी सभेला जाईन, मागच्या रांगेत बसेन, नव्या क्लबच्या घटनेच्या मसुद्यातील शुद्धलेखन तपासून देईन, आणि नव्या संघाचा गोलरक्षक पहिल्याच सामन्यात मला नापसंत असेल.

म्हणजे माझी झेप एवढीच आहे, आणि हे कळल्यावर उगाच हलके वाटले. मालकाला माझ्या रुसव्याची खबर नाही, कर्णधार माझ्या नावानिशी मला ओळखत नव्हता, आणि निष्ठा-गुणांचे काय करतात हे मी आजवर कधी विचारलेही नव्हते. तेव्हा या व्यवहारात फसवणूक झाली म्हणावी, तर ती नेमकी कोणी केली हे मला सांगता येणार नाही. बुधवारी पुन्हा सामना आहे. डाव्या बाजूचा बचावपटू कार्डांमुळे बाहेर आहे, म्हणजे क्लबच्या युवा अकादमीतल्या त्या पोराला उतरवावे लागणार, आणि तो मध्यरेषा ओलांडून गेला की परत येतच नाही. पहिल्या अर्ध्या तासात त्याला पिवळे कार्ड मिळणार, असा माझा अंदाज आहे.