घरात राउटर दोन असले, तरी पत्ते वाटणारा एकच हवा

इंटरनेट कंपनीने बसवलेला गेटवे, म्हणजे घराला इंटरनेटशी जोडणारा डबा, एकाच वेळी बरीच कामे करत असतो. बाहेरून फायबर किंवा केबलवरून येणारा सिग्नल तो समजून घेतो, घरातल्या प्रत्येक उपकरणाला खासगी आयपी पत्ता (फक्त घरातल्या नेटवर्कवर चालणारा ओळख क्रमांक) देतो, त्या सर्वांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून चालवतो आणि वायफायही पसरवतो. आपण विकत आणलेला मेश राउटर (घरभर वायफाय पोहोचवणारा, सहसा अनेक नगांचा संच) यातले पहिले काम सोडून बाकी सगळी कामे करायला तयार असतो. त्यामुळे केबल कोणत्या पोर्टमध्ये लावायची यापेक्षा, ही कामे दोघांपैकी कोणी करायची हे आधी ठरवणे मला महत्त्वाचे वाटते.

काहीच न ठरवता गेटवेच्या लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टमधून मेशच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टमध्ये केबल लावली, तरी इंटरनेट लगेच सुरू होते. मात्र आता आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल, म्हणजे नॅट, दोनदा होते, आणि यालाच डबल नॅट म्हणतात. वेबसाइट पाहणे, व्हिडिओ पाहणे, व्हिडिओ कॉल करणे एवढाच वापर असेल तर त्याने बहुधा काही अडत नाही, आणि त्याची भीती थोडी जास्तच घातली जाते असे माझे मत आहे. अडचण येते ती बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत पोहोचायचे असते तेव्हा, कारण घरातल्या सर्व्हरसाठी किंवा एखाद्या ऑनलाइन खेळासाठी पोर्ट (इथे केबलची जागा नव्हे, तर बाहेरून आत येण्याची क्रमांकित वाट) उघडायचा झाल्यास तो दोन्ही ठिकाणी उघडावा लागतो. शिवाय प्रिंटर गेटवेच्या वायफायवर आणि फोन मेशवर असेल, तर फोनला तो प्रिंटर आपोआप सापडत नाही.

शक्य असेल तिथे गेटवे ब्रिज मोडवर टाकावा, असे मी आग्रहाने सांगेन. मग गेटवे फक्त मोडेमचे, म्हणजे बाहेरचा सिग्नल समजून घेण्याचे, काम करतो आणि बाहेरचा पत्ता थेट मेशला मिळतो; काही गेटवेंमध्ये जवळपास हेच काम आयपी पासथ्रू या नावाच्या सेटिंगने होते. बदल करण्यापूर्वी मात्र कंपनीकडून काही गोष्टी विचारून घ्याव्यात: जोडणी पीपीपीओई प्रकारची (युजरनेम-पासवर्ड देऊन सुरू होणारी) असल्यास तिचे युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरची वेगवेगळी वाहतूक ओळखण्याचा) लागतो का, आणि गेटवेला जोडलेला लँडलाइन फोन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स नंतरही चालेल का. पीपीपीओईमध्ये प्रत्येक पॅकेटमधले, म्हणजे डेटाच्या तुकड्यातले, 8 बाइट खर्च होत असल्याने एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) सहसा 1500 ऐवजी 1492 बाइट ठेवतात. केबल मोडेम बऱ्याचदा आधी जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवतो, म्हणून तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय मेशला पत्ता मिळत नाही.

ब्रिज मोड खरोखर लागू झाला की नाही, हे मेशच्या ॲपमधल्या वॅन पत्त्यावरून कळते. तो 192.168 ने सुरू होत असेल किंवा त्याचा पहिल्या टिंबाआधीचा आकडा 10 असेल, अथवा 172.16 ते 172.31 मधला असेल, तर वरच्या बाजूला अजून कोणीतरी पत्ते बदलत आहे. तो 100.64 ते 100.127 मधला असेल, तर कंपनीच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असते; तिथे घरातली कोणतीही सेटिंग बदलून बाहेरून येणारी वाट उघडत नाही, आणि त्याबद्दल कंपनीशीच बोलावे लागते.

कंपनी ब्रिज मोड देत नसेल, तर उलट करावे: राउटरचे काम गेटवेकडेच ठेवून मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय पसरवण्याच्या कामावर) न्यावे. हा पर्याय कमी प्रतीचा मुळीच नाही. मुलांच्या वापरावरचे नियंत्रण वगैरे मेशच्या काही सोयी अशा वेळी बंद पडतात, आणि काही संचांत एकापेक्षा जास्त नग असताना हा मोड चालतच नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वीच माहिती काढावी.

कोणताही मार्ग निवडला तरी गेटवेचे स्वतःचे वायफाय बंद करावे. जुनेच नाव आणि पासवर्ड मेशला दिल्यास घरातली उपकरणे बहुधा आपोआप जोडली जातात, ही मोठी सोय आहे; पण गेटवेचे वायफाय चालू राहिले तर एखादा फोन त्यालाच चिकटून राहतो आणि मेशमध्ये दोष असल्यासारखे वाटते.

मेशचे बाकीचे नग केबलने जोडायचे असतील, तर मेश राउटर मोडवर असताना ते मुख्य (गेटवेला जोडलेल्या) नगाच्या मागेच जोडावेत, मग ते थेट असोत किंवा स्विचमधून (एका केबलवरून अनेक जोडण्या देणाऱ्या डब्यातून). ते गेटवेच्या मोकळ्या पोर्टमध्ये लावले, तर मुख्य नगाला वळसा पडतो आणि संच बिघडल्यासारखा वागू लागतो. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये हे बंधन बहुतेक संचांत राहत नाही. मुख्य नग गेटवेच्या शेजारीच हवा असेही नाही, कारण साधी कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते. तेव्हा जिथे माणसांचा वावर जास्त, तिथपर्यंत केबल ओढून तो तिथेच ठेवावा.